मवाळाला उमेदवारी कोण देतो?

७ ऑक्टोबर २०२४ रोजी इंदापूर येथे श्री. हर्षवर्धन पाटील यांनी भारतीय जनता पक्ष सोडून श्री. शरद पवार यांच्या नेतृत्वाखालील राष्ट्रवादी काँग्रेस पक्षात प्रवेश केला. त्याआधी पाच वर्षे, ११ सप्टेंबर २०१९ रोजी, ते काँग्रेस सोडून भाजपमध्ये गेले होते. माणूस तोच, तालुका तोच, समोरचा प्रतिस्पर्धीही तोच. बदलली ती फक्त निशाणी. पक्षांतराचा आणखी एक नमुना म्हणून या घटनेकडे पाहावे आणि चार कडवट शब्द बोलून विषय संपवावा, अशी वृत्ती आपल्या कार्यकर्त्यांतही दिसते. आम्हांला ती पुरेशी वाटत नाही. या घटनेत एक मोठा प्रश्न दडलेला आहे. उजव्या विचारांच्या पक्षात मवाळ माणसाला उमेदवारी मिळू शकते काय? मिळते ती कोणाच्या बळावर? आणि मिळाली तर किती दिवस टिकते? इंदापूरच्या विधानसभेच्या जागेला जो नियम लागू पडतो तोच देशाच्या पंतप्रधानपदाच्या आणि राष्ट्रपतिपदाच्या उमेदवारीला लागू पडतो, असे आमचे मत आहे.

या प्रश्नाची चर्चा आपल्या साप्ताहिकात करण्याचे कारण निराळे आहे. ‘पक्ष वाईट, परंतु त्यातील अमुक एक माणूस चांगला, तो वर आला की पक्षही सुधारेल’ ही आशा आपल्या अनेक मित्रांच्या मनात वर्षानुवर्षे घर करून आहे. एके काळी ती अटलबिहारी वाजपेयींच्या नावाने बोलली जात होती. पुढे काही काळ चक्क लालकृष्ण अडवाणींच्या नावाने बोलली गेली. अलीकडे श्री. नितीन गडकरी यांच्या नावाने बोलली जाते. नावे बदलतात, आशा कायम राहते. ही आशा निरुपद्रवी असती तर तिच्याकडे दुर्लक्ष केले असते. परंतु दुसऱ्याच्या घरात कोणीतरी भला माणूस पुढे येईल या भरवशावर आपल्या घरचे काम थांबते, हा तिचा खरा तोटा आहे.

आधी शब्दाचा अर्थ नीट लावून घेतला पाहिजे. मवाळ हा शब्द महाराष्ट्राला नवा नाही. गोखल्यांच्या काळात मवाळ म्हणजे सनदशीर मार्गाने, वाटाघाटीने आणि टप्प्याटप्प्याने जाणारा, असा त्याचा स्पष्ट अर्थ होता. आज मात्र गोड बोलणारा, सभेत कोणाला शिव्या न देणारा, सर्व जातीधर्मांच्या लग्नाला हजेरी लावणारा पुढारी म्हणजे मवाळ, अशी समजूत रूढ झाली आहे. स्वभावाचा मवाळपणा आणि धोरणाचा मवाळपणा या दोन भिन्न गोष्टी आहेत. सहकारी साखर कारखान्यांच्या राजकारणात वाढलेला नेता भाषणात सौम्य असतो. तोच नेता ऊसतोड कामगाराच्या मजुरीच्या वेळी किती कठोर होतो, हे आपल्या कार्यकर्त्यांना सांगायला नको. प्रस्तुत लेखात मवाळ म्हणजे धार्मिक द्वेषाचे राजकारण न करणारा, विरोधकाला शत्रू न मानणारा आणि राज्यघटनेची चौकट मनापासून स्वीकारणारा, एवढाच अर्थ आम्ही घेत आहोत. हा अर्थ लावला तर काँग्रेसच्या परंपरेत वाढलेला इंदापूरचा नेता भाजपच्या मानाने मवाळ ठरतो, हे मान्य केलेच पाहिजे.

दोन शेजारी तालुके

आता प्रत्यक्ष घडलेले पाहू. श्री. हर्षवर्धन पाटील हे शंकरराव बाजीराव पाटील यांचे पुतणे. शंकरराव बारामतीतून १९८० आणि १९८९ मध्ये लोकसभेवर निवडून गेले होते. पुतण्याने १९९५ मध्ये अपक्ष म्हणून विधानसभेत प्रवेश केला आणि पुढे शिवसेना-भाजप युतीच्या सरकारात राज्यमंत्रिपदही भोगले. नंतर काँग्रेस आघाडीच्या काळात ते सहकारमंत्री झाले. २०१४ मध्ये राष्ट्रवादीचे श्री. दत्तात्रय भरणे यांनी त्यांचा सुमारे १४ हजार मतांनी पराभव केला. २०१९ मध्ये दोन्ही काँग्रेसची आघाडी झाली. इंदापूरची जागा विद्यमान आमदाराकडे, म्हणजे राष्ट्रवादीकडे, राहणार हे दिसताच पाटील भाजपमध्ये गेले आणि काही दिवसांतच त्यांना कमळावर उमेदवारी मिळाली. ते ३,११० मतांनी पडले.

त्याच २०१९ च्या निवडणुकीत शेजारच्या बारामती विधानसभा मतदारसंघात भाजपने कोणाला उभे केले? वंचित बहुजन आघाडीकडून सांगलीची लोकसभा लढवून नुकतेच आलेले, आक्रमक भाषणांसाठी प्रसिद्ध असलेले श्री. गोपीचंद पडळकर यांना. अजित पवारांसमोर त्यांची अनामत रक्कमही वाचली नाही. म्हणजे एकच पक्ष, एकच वर्ष आणि शिवेला शीव लागलेले दोन मतदारसंघ. इंदापुरात जिंकण्याची शक्यता होती, तिथे मवाळ माणूस घेतला. बारामतीत जिंकण्याची शक्यता नव्हती, तिथे आक्रमक माणूस दिला. जिथे परक्या मतांची गरज आहे तिथे मवाळ चालतो. जिथे फक्त आपले समर्थक चेतवायचे आहेत तिथे जहाल लागतो. या निवडीत विचारांचा भाग अल्प आणि हिशेबाचा भाग मोठा होता.

परंतु गोष्ट एवढ्यावर संपत नाही. अनामत गमावलेल्या पडळकरांना पुढल्याच वर्षी, २०२० मध्ये, पक्षाने विधान परिषदेवर घेतले. तीन हजार मतांनी थोडक्यात पडलेल्या पाटलांच्या वाट्याला मात्र कोणतेही सभागृह आले नाही. पक्षाला आपला कोण वाटतो आणि कामापुरता कोण वाटतो, याचा याहून स्पष्ट दाखला कोणता हवा?

पुढे २ जुलै २०२३ रोजी अजित पवार आपल्या सहकाऱ्यांसह सरकारात सामील झाले. भरणेही त्यांच्याबरोबर गेले. आता भाजपच्याच आघाडीत इंदापूरचा विद्यमान आमदार आला आणि पाटलांची उमेदवारी २०१९ मध्ये ज्या कारणाने काँग्रेस आघाडीत अडली होती, नेमक्या त्याच कारणाने भाजप आघाडीत अडली. पाच वर्षे पक्षात राहून, पक्षासाठी फिरून, २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत आघाडीच्या उमेदवारासाठी प्रचार करूनही पक्षाने त्यांच्यासाठी ही जागा मागून घेतली नाही. ते पुन्हा बाहेर पडले आणि नव्या पक्षाच्या निशाणीवर भरणे यांच्याकडून सुमारे १९ हजार मतांनी पराभूत झाले. तिसऱ्या, अपक्ष उमेदवाराला मिळालेली मते या फरकाहून बरीच अधिक होती. त्यांना प्रवेश आणि उमेदवारी देताना त्या पक्षातील इतर इच्छुक उघडपणे नाराज झाले होते, हेही येथे नोंदवले पाहिजे. कार्यकर्त्यांना न विचारता उमेदवार ठरवण्याचा दोष एकट्या उजव्या पक्षाचा नाही.

बारामती लोकसभा मतदारसंघाचा अनुभव याला पूरकच आहे. २०१४ मध्ये भाजपने ही जागा मित्रपक्षाचे श्री. महादेव जानकर यांना दिली. ते श्रीमती सुप्रिया सुळे यांच्याकडून सुमारे ७० हजार मतांनी हरले. २०१९ मध्ये कमळावर श्रीमती कांचन कुल उभ्या राहिल्या. त्यांचे पती त्या वेळी जानकरांच्याच राष्ट्रीय समाज पक्षाचे दौंडचे आमदार होते. दीड लाखाहून अधिक मतांनी तीही लढत गेली. २०२४ मध्ये कमळ मैदानातच नव्हते. अजित पवारांच्या पक्षातर्फे श्रीमती सुनेत्रा पवार उभ्या होत्या आणि फरक सुमारे १ लाख ५८ हजारांचा राहिला. तिन्ही वेळा उमेदवार बाहेरच्या घरातून आणला गेला. संघाच्या शाखेत वाढलेला कार्यकर्ता या मतदारसंघात चालणार नाही हे पक्षाला पक्के ठाऊक होते. परंतु या आणलेल्या उमेदवारांमुळे पक्षाच्या भूमिकेत तसूभरही फरक पडला नाही. उमेदवार मवाळ आणला म्हणजे धोरण मवाळ झाले असे होत नाही.

मवाळ माणूस आत का जातो?

येथे न्यायबुद्धीने एक गोष्ट सांगितली पाहिजे. सहकारातील नेता सत्तेकडे जातो तो केवळ हावरेपणाने जातो, असे म्हणणे सोपे आहे, पण ते अपुरे आहे. साखर कारखान्याला हंगाम सुरू होण्याआधी कर्ज लागते. ते जिल्हा बँक, राज्य सहकारी बँक किंवा राष्ट्रीय सहकार विकास निगम यांच्याकडून मिळवावे लागते आणि अडचणीतल्या कारखान्याला शासनाची थकहमी लागते. ऊस गाळपाला आला की १४ दिवसांत शेतकऱ्याला रास्त व किफायतशीर दराने पैसे देण्याचे कायद्याचे बंधन असते. साखरेची किमान विक्री किंमत, इथेनॉलचा दर आणि निर्यातीची परवानगी केंद्र सरकारच्या हाती असते. जुलै २०२१ मध्ये केंद्रात स्वतंत्र सहकार मंत्रालय निघाले आणि ते श्री. अमित शहा यांच्याकडे गेले, तेव्हापासून ही दोरी अधिकच आवळली गेली. हजारो सभासदांचा ऊस शेतात उभा असताना कारखान्याचा पुढारी सत्तेबाहेर फार दिवस राहू शकत नाही. बिजवडीचा कारखाना असो, भवानीनगरचा असो, माळेगावचा असो की सोमेश्वरचा, हे दुखणे सर्वांचे आहे. पाटील भाजपमध्ये असतानाच, फेब्रुवारी २०२४ मध्ये, राष्ट्रीय सहकारी साखर कारखाना महासंघाचे अध्यक्ष झाले, याचा अर्थही या संदर्भात समजून घेता येतो. पक्षाने त्यांना सहकारात स्थान दिले, सभागृहात दिले नाही.

भाजपमध्ये गेल्यापासून शांत झोप लागते, चौकशी वगैरे काही नाही, असे पाटील २०२१ मध्ये एका कार्यक्रमात बोलून गेले. ते विनोदाच्या ओघात बोलले असतील. परंतु महाराष्ट्र हसला तो त्यातील सत्य ओळखून हसला. जो माणूस झोपेसाठी आत जातो तो अट घालू शकत नाही. धर्माच्या नावाने कोणाला धमकावणारी भाषा पक्षाने थांबवावी, आपल्या तालुक्यात अमुक प्रकारच्या सभा होऊ नयेत, एवढी साधी अटसुद्धा तो घालत नाही. मग हळूहळू त्याच्या पाठीमागे गेलेले गावोगावचे कार्यकर्तेही बोलेनासे होतात. ग्रामपंचायतीत, सोसायटीत, दूध संघात काल जो शेजारी मुसलमानाच्या किंवा दलिताच्या बाजूने उभा राहत असे, तो आज ‘आपल्याला काय करायचे आहे’ म्हणून मान खाली घालतो. मवाळ नेता आत गेल्याने पक्ष मवाळ होत नाही. नेत्याची माणसे मुकी होतात. आमच्या दृष्टीने या सबंध व्यवहारातील सर्वांत मोठे नुकसान हे आहे. एखाद्या जागेचा जय-पराजय त्यापुढे किरकोळ आहे.

दिल्लीतील अनुभव

यावर कोणी म्हणेल, वाजपेयींचे काय? ते तर मवाळ होते आणि सहा वर्षे पंतप्रधान राहिले. हा आक्षेप टाळता येणार नाही. उलट त्यातूनच आपला मुद्दा स्पष्ट होतो.

६ एप्रिल १९८० रोजी भाजप स्थापन झाला तेव्हा वाजपेयी त्याचे पहिले अध्यक्ष होते आणि पक्षाने ‘गांधीवादी समाजवाद’ हा शब्द स्वीकारला होता. १९८४ मध्ये लोकसभेत फक्त २ जागा आल्या. लगेच मवाळ भाषा बाजूला पडली, १९८६ मध्ये अडवाणी अध्यक्ष झाले आणि १९८९ मध्ये पालमपूर येथे अयोध्येचा ठराव झाला. रथयात्रा आणि बाबरी मशिदीचा विध्वंस यांनी पक्ष वाढला, पण एकटाही पडला. अशा वेळी, नोव्हेंबर १९९५ मध्ये, मुंबईच्या अधिवेशनात अडवाणींनी पंतप्रधानपदासाठी वाजपेयींचे नाव जाहीर केले. पक्षाला मवाळपणाचा साक्षात्कार झाला होता म्हणून हे घडले नाही. मित्रपक्ष मिळत नव्हते म्हणून घडले. १९९६ मध्ये १६१ जागा मिळूनही सरकार १३ दिवसांत पडले. १९९८ मध्ये मित्रपक्ष आले ते अटी घालून आले. राममंदिर, ३७० वे कलम आणि समान नागरी कायदा हे तीन विषय आघाडीच्या कार्यक्रमातून वगळावे लागले. वाजपेयींचा मवाळपणा टिकला तो या बाहेरच्या अटींच्या टेकूवर.

टेकू निघाला की काय होते ते २००२ मध्ये दिसले. गुजरातच्या दंगलीनंतर वाजपेयींनी अहमदाबादेत राजधर्माची आठवण करून दिली. त्याच एप्रिल महिन्यात गोव्यात पक्षाची राष्ट्रीय कार्यकारिणी भरली, मुख्यमंत्र्यांनी राजीनाम्याची तयारी दाखवली आणि पक्षाने ती झिडकारून त्यांनाच पाठिंबा दिला. पंतप्रधान एकाकी पडले. रामविलास पासवान मंत्रिमंडळातून बाहेर पडले. आघाडीतील बहुसंख्य पक्ष आत बसून राहिले. आघाडीचे निमंत्रक जॉर्ज फर्नांडिस आपल्या चळवळीत वाढलेले होते. तेही आतच राहिले आणि सरकारचे समर्थन करीत राहिले, हे लिहिताना लेखणी जड होते, पण लिहिलेच पाहिजे. बाहेरच्यांनी अट सोडली त्या दिवशी आतल्या मवाळाची सत्ता संपली. खुर्ची तेवढी २००४ पर्यंत राहिली.

पुढे जून २००५ मध्ये कराचीत जीनांविषयी चार बरे शब्द बोलल्याबद्दल अडवाणींसारख्या जहाल नेत्यालाही अध्यक्षपद सोडावे लागले. २०१३ मध्ये नितीशकुमारांच्या पक्षाने नेतृत्वाच्या प्रश्नावर आघाडी सोडण्याची धमकी प्रत्यक्षात आणली. पक्षाने मित्राला जाऊ दिले आणि सप्टेंबरात श्री. नरेंद्र मोदी यांचे नाव जाहीर केले. मित्राविना चालेल असा हिशेब झाला होता, आणि २०१४ च्या २८२ जागांनी तो खरा ठरवला. २०२४ मध्ये जागा २४० वर आल्या, पुन्हा मित्रांची गरज लागली. परंतु या वेळी मित्रांनी राज्यासाठी निधी आणि मंत्रिपदे मागितली, नेतृत्वाविषयी वा धोरणाविषयी अट घातली नाही. म्हणून कोणी मवाळ पुढे आला नाही. पक्षाची गरज एवढे एकच कारण पुरेसे नसते. त्या गरजेच्या वेळी बाहेरून कोणी तरी ठाम अट घालावी लागते.

राष्ट्रपतिपदाच्या उमेदवारीतही हेच सूत्र आढळते. २००२ मध्ये भाजपला एकट्याच्या बळावर आपला माणूस निवडून आणता येणार नव्हता. महाराष्ट्राचे तत्कालीन राज्यपाल पी. सी. अलेक्झांडर यांचे नाव चर्चेत येऊन मागे पडले आणि शेवटी कोणत्याच पक्षाचे नसलेले, सर्वांना चालणारे डॉ. अब्दुल कलाम उमेदवार झाले. २०१७ मध्ये बळ पुरेसे होते, तेव्हा पक्षातले श्री. रामनाथ कोविंद आले. २०२२ मध्ये पक्षाच्याच श्रीमती द्रौपदी मुर्मू आल्या. एका दलित आणि एका आदिवासी व्यक्तीला हे पद मिळण्याचे सामाजिक मोल आम्ही नाकारीत नाही. सर्वांची संमती घेण्याची गरज उरली नव्हती, एवढाच येथील मुद्दा आहे. विरोधकांची अवस्थाही याच वेळी उघडी पडली. जून २०२२ मध्ये दिल्लीच्या बैठकीत त्यांनी बारामतीच्या श्री. शरद पवारांचे नाव सुचवले. पवारांनी नकार दिला. शेवटी उमेदवारी गेली ती वाजपेयींच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री राहिलेल्या आणि २०१८ मध्ये भाजप सोडलेल्या श्री. यशवंत सिन्हा यांच्याकडे. उजव्या पक्षाला नकोसा झालेला मवाळ विरोधकांना राष्ट्रपतिपदासाठी शोधावा लागला, हे आपल्याही दारिद्र्याचे लक्षण आहे.

अमेरिकेतील पक्ष

कोणी असेही म्हणतात की, आपल्याकडे उमेदवार दिल्लीतील चार माणसे ठरवतात म्हणून मवाळ मागे पडतो. पक्षाच्या मतदारांनाच उमेदवार निवडू दिला तर शहाणपणा जिंकेल. अमेरिकेत अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवण्यासाठी राज्याराज्यांत अशा प्राथमिक निवडणुका होतात. तेथील पुराणमतवादी रिपब्लिकन पक्षाचा अनुभव काय सांगतो? १९६४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या अधिवेशनात न्यूयॉर्कचे राज्यपाल नेल्सन रॉकफेलर अतिरेक्यांविरुद्ध बोलू लागले तेव्हा त्यांना ओरडून बोलू दिले नाही. उमेदवारी बॅरी गोल्डवॉटर यांना मिळाली आणि ५० पैकी फक्त ६ राज्ये जिंकून ते पडले. तरीही तो पक्ष मवाळांकडे वळला नाही. १९८० मध्ये गोल्डवॉटरच्याच वाटेने आलेले रोनाल्ड रेगन जिंकले. २०१२ मध्ये मिट रॉम्नी या मवाळ समजल्या जाणाऱ्या नेत्याला उमेदवारी मिळाली खरी. परंतु मॅसॅच्युसेट्सचे राज्यपाल असताना स्वतः केलेल्या आरोग्यविम्याच्या कायद्यासारखाच कायदा देशासाठी झाला तेव्हा तो रद्द करण्याचे वचन त्यांना द्यावे लागले. उमेदवारीची किंमत म्हणून स्वतःचे चांगले काम नाकारावे लागले, आणि शेवटी निवडणूकही गेली. २०२४ मध्ये निकी हेली यांना व्हर्माँट आणि राजधानी वॉशिंग्टन एवढ्याच ठिकाणी विजय मिळाला आणि मार्चमध्ये त्या बाजूला झाल्या.

म्हणजे निवड चार पुढाऱ्यांनी केली काय किंवा लाखो समर्थकांनी केली काय, पक्षाच्या आतून मवाळाला क्वचितच उमेदवारी मिळते. कारण पक्षासाठी रात्रंदिवस राबणारा, वर्गणी देणारा, मतदानाला हटकून बाहेर पडणारा माणूस पक्षाच्या मूळ भावनेचा असतो. त्याला पाणी घातलेली भूमिका नको असते. त्या माणसाचा राग करण्याचे कारण नाही. तो आपल्या मताशी प्रामाणिक असतो. त्याच्याकडून आपल्या सोयीचा उमेदवार निवडला जाईल ही आपली अपेक्षाच चुकीची आहे.

आपला हिशेब

मग आपण काय करायचे? प्रथम आपलाच जुना हिशेब तपासू. १९७७ मध्ये जनता लाटेत बारामतीतून निंबुतचे संभाजीराव काकडे लोकसभेवर गेले. १९८५ च्या पोटनिवडणुकीत जनता पक्षाच्या वतीने ते पुन्हा गेले. या मतदारसंघात प्रस्थापितांविरुद्ध, आणि उजव्या पक्षाच्या निशाणीशिवाय, जिंकता येते याचा तो पुरावा आहे. परंतु त्याच जनता पक्षात जनसंघाला सामावून घेतल्यानंतर दुहेरी निष्ठेचा प्रश्न उभा राहिला. मधु लिमयांनी तो हिरिरीने मांडला आणि त्यांची भूमिका बरोबरच होती. चूक झाली ती वेळेची. एकत्र येताना जी अट कागदावर पक्की करून घ्यायची, ती सत्तेवर बसल्यावर ऐरणीवर आली आणि १९७९ मध्ये घरच मोडले. अट आधी घातली तर ती करार ठरते. नंतर घातली तर ते भांडण ठरते.

यातून तीन गोष्टी निघतात. पहिली, कोणत्याही पक्षातल्या कोणत्याही उमेदवाराला आपण पाठिंबा देऊ तेव्हा तो लेखी आणि जाहीर अटींवर द्यावा. इंदापूर-बारामतीत त्या अटी शोधायला लांब जावे लागत नाही. नीरा डाव्या कालव्याच्या आणि खडकवासल्याच्या पाण्याचे शेवटच्या गावापर्यंत वाटप, उजनीच्या पाण्याखाली ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांचे राहिलेले प्रश्न, उसाचे बिल १४ दिवसांत, तोडणी कामगाराची मजुरी आणि त्याच्या मुलांची शाळा, आणि गावात कोणालाही धर्म वा जात विचारून त्रास दिला तर उमेदवाराने स्वतः तेथे जाऊन उभे राहण्याचे वचन. २०२१ मध्ये उजनीच्या ५ टीएमसी पाण्याचा इंदापूरसाठी झालेला निर्णय सोलापूरकरांच्या विरोधामुळे महिनाभरातच मागे घ्यावा लागला. पुढाऱ्याच्या शब्दावर पाणी येत नाही, दोन्ही जिल्ह्यांच्या शेतकऱ्यांना एकत्र बसवून ठरवलेल्या करारावर येईल, हे त्यातून शिकण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट, आपल्या बाजूचा उमेदवार तालुक्यातील सभासदांच्या उघड बैठकीत ठरावा. २०२४ मध्ये बारामतीत लोकसभेला आणि विधानसभेलाही दोन्ही बाजूंचे प्रमुख उमेदवार एकाच कुटुंबातले होते. अशा ठिकाणी मतदाराने मवाळ-जहाल असा निवाडा करायचा तरी कसा? आपण छोटे असू, परंतु उमेदवार ठरवण्याची रीत आपण स्वच्छ ठेवली तर इतरांना प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्याला राहील. वर दिलेल्या अमेरिकेच्या उदाहरणाने या रीतीला बाध येत नाही. सभासदांनी निवडलेला उमेदवार सभासदांच्याच विचाराचा असतो, आणि आपल्याला नेमका तोच हवा आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत कठीण आहे. जे मवाळ नेते उजव्या पक्षात गेले त्यांच्या मागे गेलेल्या साध्या कार्यकर्त्यांशी आपले बोलणे तुटू देऊ नये. त्यातील पुष्कळ जण कारखान्याच्या, सोसायटीच्या, मुलाच्या नोकरीच्या अडचणीने गेले आहेत. मन अजून तिकडे रमलेले नाही. त्यांना गद्दार म्हणणे सोपे आहे. त्यांच्या गावात जाऊन, पाण्याच्या आणि उसाच्या प्रश्नावर त्यांना पुन्हा बोलते करणे हे खरे काम आहे. नेता आत गेला की त्याची माणसे मुकी होतात असे आम्ही वर म्हटले. ही माणसे पुन्हा बोलू लागली तर कोणत्याही पक्षाला, उजव्यालासुद्धा, उमेदवार देताना त्यांचा विचार करावा लागेल. उजव्या पक्षातील मवाळाला उमेदवारी मिळते ती अशा बाहेरच्या आवाजाच्या धाकाने. तो आवाज इंदापूर आणि बारामतीच्या गावांत तयार करण्याचे काम आपले आहे, आणि ते निवडणुकीची तारीख जाहीर होण्याची वाट न पाहता सुरू झाले पाहिजे.